मर्यादा दहा

एप्रिलचा तिसरा मंगळवार. आयोवातला बर्फ सरलाय,
मक्याच्या खुंटांमधून काळी जमीन दिसतेय,
आणि शेतांखाली पुरलेल्या नळ्या
रात्रंदिवस बॅजर ओढ्यात ओकतायत.

पुलावर मी गाडी लावते. राज्याची पांढरी गाडी,
दारावरचा शिक्का चिखलाने अर्धा बुजलेला.
दोरीने बाटली खाली सोडते,
तीनदा विसळते, चौथ्यांदा भरते.
चिठ्ठीवर ओढा, पूल, वेळ, सही.
बर्फाच्या पेटीत ती
बाकीच्या अकरा बाटल्यांना खेटून बसते.

पाणी नितळ आहे.
तेच तर. गढूळ असतं
तर माझी गरजच नव्हती.

वर्लिन टीमायर ट्रॅक्टरवरून जातो, हात करत नाही.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा,
हल्ली मला पाण्यात पाहतो.
मीही तुला पाण्यातच पाहते, वर्लिन:
तुझं मार्चमधलं खत,
वरच्या अंगाला टेरीच्या डुकरांचा तलाव,
त्याच्याही वर गोल्फवाल्यांची हिरवळ,
सगळं एकाच आकड्यात उतरतं.
कुणाचं किती, हे प्रयोगशाळाही सांगत नाही.

मग उरते योसेलिनची विहीर.
खासगी, म्हणून कायद्याच्या बाहेर;
तिने स्वतःच फोन केला होता.
भाड्याचं घर, तिन्ही बाजूंनी मका,
नवरा मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
आणि सात आठवड्यांचं बाळ, डब्याच्या दुधावर.

शुक्रवारी आकडा येतो. चौदा पूर्णांक दोन.
मर्यादा दहा.
फोनवर ती विचारते, ‘उकळून देऊ ना?
आई म्हणते, उकळलं की काहीही मरतं.’
मी म्हणते, हे मरत नाही.
जिवंत नाहीच ते. उकळलं की
पाणी उडून जातं, हे तेवढंच राहतं,
उलट दाट होतं.
पलीकडे गप्प. मग भांडं
शेगडीवरून उतरवल्याचा आवाज.

डिसेंबरात अहवाल निघेल. चकचकीत, मुखपृष्ठावर नदी.
जिल्ह्याची सरासरी नऊ पूर्णांक सहा.
मर्यादेत.
ते वाक्य मीच टाइप करेन, मला ठाऊक आहे,
आणि कुठंतरी पाणी मुरतंय, हेही.

तूर्तास दुकानातून पाण्याचे सहा कॅन घेते,
पावती खात्याकडे लावता येत नाही.
योसेलिनच्या पायरीवर ठेवते, बेल वाजवते.
ती दार उघडते तेव्हा आधी मी
बाळाचे ओठ पाहते,
मग नखं.
गुलाबी.
आज गुलाबी.