व्यवसाय : एक ओळ

पेन्शनच्या अर्जात व्यवसायाला एकच ओळ असते
आणि सिप्रियानो सकाळपासून सांगतोय.
मी पेन खाली ठेवलंय.

नवव्या वर्षी घोड्यांना पाणी पाजायला लागला.
ताबेर्नासच्या वाळवंटात तेव्हा परदेशी कंपन्या यायच्या,
लाकडी गावं उभी करायच्या, जाळायच्या, निघून जायच्या.
बादली काढून घेऊन मग त्याच्या हाती धूळ दिली:
नायक वळला की दोन फावडी,
मागून, वाऱ्याचा अंदाज घेऊन.
"उडवणं सोपं असतं, बाई.
वेळेवर खाली बसवणं अवघड."

मग चार वर्षं मरत होता.
छपरावरून, जिन्यावरून, धावत्या घोडागाडीवरून,
एकदा तर एकाच दुपारी दोन्ही सैन्यांकडून.
डाव्या खांद्यात पोलादी पट्टी आहे.
ती पेन्शनमध्ये धरतात का?
नाही धरत, म्हटलं.

एन्कार्ना म्हणाली, खरंच मरशील एखाद दिवशी.
म्हणून जमिनीवर आला, सुतारांत, रंगाऱ्यांत.
काम एवढंच, की नवी फळी शंभर वर्षांची करायची.
साखळीने झोडपायची, आगीवर धरायची,
वर लोखंडाचा कीस मुरवलेलं व्हिनेगर.
गोळ्यांची भोकं आदल्या रात्रीच पाडून मेणाने बुजवायची.
एका ऑगस्टमध्ये बर्फही पाडला,
माकाएलच्या खाणीतली संगमरवराची भुकटी, एकोणीस ट्रक.
शेळ्या आल्या, चाटून, शिंकून गेल्या.
"बेचाळीस डिग्री होतं.
तरी मला हुडहुडी भरली, खरं सांगतो."

पुढे कंपन्या आटल्या.
समुद्रापर्यंत प्लास्टिकची शेतं पसरली,
त्यांचे सांगाडे ठोकले.
अधूनमधून एखादी जाहिरात: ड्रायव्हर, आचारी,
तीन आठवडे एका नटीचं कुत्रं.
कागद कशाचाच नाही.
पडद्यावर नाव एकदाच आलं, तेही सिप्रियाना असं.

मी विचारलं, मुख्य काम कोणतं धरू?

तो जरा वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला,
लाकूड आहे की नुसता कागद चिकटवलाय, ते बघत.

"एन्कार्ना गेली तेव्हा क्रूस मीच केला.
हात सवयीने चालत राहिले,
साखळी, आग, व्हिनेगर.
उभा केल्यावर ध्यानात आलं,
काल गेलेली बाई
शंभर वर्षांपूर्वी पुरल्यासारखी दिसतेय.
लाज वाटली. पण राहू दिला.
आता तिथला वाळूचा वारा दरसाल थोडं थोडं घासतो.
वरचं म्हातारपण गळतंय,
आतून पाइन निघतंय, पिवळं,
कालच रंधा मारल्यासारखं.
पुरता नवा होईल तोवर
मी टिकायला हवं."

मागे रांग वाढली होती.
मी लिहिलं: सुतार.
त्याने चष्मा लावून वाचलं, हरकत घेतली नाही,
टोपी उचलली,
आणि जाताना दार असं काही ओढून घेतलं
की आमच्या कचेरीचं ते दार
अकरा वर्षांत पहिल्यांदा
करकरलं नाही.