एक आणा

खोताची जमीन सरकारने घेतली, ते चौपन्न साल.
मी एकोणीस वर्षांचा, मोजणी खात्यात साखळीवाला,
म्हणजे चिखलात सर्वांच्या पुढे, पगारात सर्वांच्या मागे.
तेहतीस फुटांची साखळी, तिचेही सोळा आणे पाडलेले;
जमीन तेव्हा रुपयासारखी मोडता यायची.

एक्सरपासून खाडीपर्यंत.
बोरिवलीची माणसं तेव्हा 'मुंबईला जाऊन येतो' म्हणत.

फणसळकर साहेबांनी कागदावर आधी चौकोन आखले,
सुबक, पाटीवरच्या गणितासारखे.
धर्मा वैती उकिडवा बसून बघत होता. म्हणाला,
'ज्याचा चौकोन टेकडीवर, त्यानं गवत खायचं?
अन् खाजणातला काय मीठ पेरील?'
रात्रभर कंदिलाखाली खोडाखोड.
सकाळी चौकोनांच्या पट्ट्या झाल्या होत्या:
प्रत्येकीच्या उशाला वरकस, पोटाशी भात, पायाशी खारं पाणी.
एकतीस घरं, एकतीस पट्ट्या,
लग्नघरात माणसं निजावीत तशा, एकीला लागून एक.

मिशनच्या शाळेतला आयरिश ब्रदर सायकल टेकून थांबला.
मोडक्या मराठीत म्हणाला,
माझ्या बापालाही सरकारने अशीच पट्टी दिली,
जमीनदाराची जहागीर मोडून.
पहिल्या दिवशी बापाने काही पेरलं नाही.
नुसता चालत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
टोपी हातात धरून.
मग विचारलं, 'इथे दगड किती?'
मी म्हटलं, 'चौसष्ट. हद्दीचे.'
तो इतका हसला की सायकल पडली.
का हसला ते मला कळलं नाही. पुढे कळलं.

चिठ्ठ्या ताडीच्या मडक्यात टाकल्या.
मडक्याचा वास गेला नव्हता, चिठ्ठी काढणारी पोर नाक धरून उभी.
सात नंबर नातालबायला,
आठ वैतीला.
आणि सात-आठामधली रेघ
नातालबायच्या विहिरीचा काठ कापत गेली,
फार नाही, एक आणा. दोन फूट.

ती काही बोलली नाही.
नवरा गेल्यापासून तशीही कमी बोलायची.
विहिरीतून कळशी काढली, लोटा भरला, माझ्यासमोर धरला.
साहेब छत्रीखाली फलकावर वाकलेले.
मी पाणी प्यालो,
आणि आठाच्या अंगाने मोजत येताना
साखळीला एक आण्याचा झोळ दिला.
पुढच्या खुंटीपाशी पुन्हा ताठ केली.
दगड मीच रोवला. वैती बघत होता. तोही काही बोलला नाही.

आता सातावर बावीस मजले, आठावर सव्वीस.
नकाशा म्हणतो हद्द तिथे, दगड म्हणतो इथे,
म्हणून मधला एक आणा कुणालाच बांधता येत नाही.
अकरा वर्षं कोर्टात आहे.
वकिलाचा कारकून आला होता, पोरगेलासा, नम्र.
'आजोबा, पंचनाम्यावर ही सही तुमची?'
माझीच. तेव्हा र ला शेपूट काढायचो.
'मग फरक कसा पडला?'
मी म्हटलं, लोखंड आहे, उन्हात वाढतं.
त्याने ते लिहून घेतलं.

काल जाऊन आलो.
पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारा चुकला.
दोन भिंतींच्या मध्ये आडवा होऊनच शिरता येतं.
आत एक पपई उगवली आहे, उजेडासाठी वाकडी,
वरून एसीचं पाणी थेंब थेंब.
विहीर पार्किंगखाली कुठेतरी.
तिथे उभा राहिलो, टोपी नव्हती,
नाहीतर हातात धरली असती.

एक गोष्ट मात्र तिथेच आठवली,
इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही:
लोट्यातलं ते पाणी
मचूळ होतं.