गाळ

नळाखाली धरायचा नाही, हे पहिलं.
टाकीतलंच पाणी काढायचं, अर्धी बादली,
त्यात स्पंज दोनदा दाबायचा. तिसऱ्यांदा नाही.
पाणी चहासारखं होईल. होऊ दे.
असं मी हालिनाला सांगत होतो
भोजनगृहाबाहेरच्या बोळात, गुडघ्यांवर बसून,
ओस्ट्रावातल्या या शाळेत
माझे सहा आठवडे उरले असताना.

नवा फिल्टर खोक्यात. मुख्याध्यापकबाईंनी आणलेला,
आवाज न करणारा,
आत पांढरेशुभ्र स्पंज, दवाखान्यातल्या चादरींसारखे.
जुना मीच बसवलेला, एकोणीस वर्षांपूर्वी,
गुरगुरणारा, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
बाई म्हणाल्या, बोहुमिल, शुक्रवारी बदलून टाका.
टाका म्हणे. जसा बल्ब.

एकदा केलंय मी. नवा होतो, स्वच्छतेची खोड.
स्पंज गरम पाण्यात, साबण लावून, लख्ख.
चौथ्या दिवशी सत्तावीस निऑन
कुंपणापाशी पुरले, आणि पोरांना सांगितलं,
मासे दुसऱ्या शाळेत गेले.
त्यांतली एक पोरगी आता इथेच शिकवते.
अजून विचारते, कुठल्या शाळेत?

तर, काचेवर थोडे, पाण्यात जवळजवळ नाहीच,
राहतात ते इथे, या तपकिरी बुळबुळीत.
माशांचं विष खातात,
दिसत नाहीत, पगार मागत नाहीत.
म्हणून दोन्ही फिल्टर शेजारी शेजारी, सहा आठवडे,
जुन्या स्पंजाचा तुकडा नव्याच्या पोटात,
विरजणाला लागतो तेवढा.
खाणं चिमटीभर, तेही दिवसाआड.
समजलं? मी विचारलं, जरा मोठ्यानं,
जणू परकी भाषा म्हणजे बहिरेपण.

तिनं स्पंज नाकाशी नेला.
"ओली माती," म्हणाली. "चांगला आहे. जिवंत."
मग पायरीवर बसली
आणि मोडक्या चेकमध्ये सांगू लागली
बावीस वर्षं ती ज्या टाक्यांवर होती त्यांच्याविषयी.
एकेक टाकी आमच्या पटांगणाएवढी,
अख्ख्या शहराचं सांडपाणी, तळातून हवा, रात्रंदिवस बुडबुडे.
त्या हिवाळ्यात वीज गेली. तीन दिवस.
गाळ काळा पडला, वास बदलला.
"मेले. किती, ते कोण मोजणार."
मग शेजारच्या गावाहून टँकर मागवला, जिवंत गाळाचा,
रात्री, दिवे विझवून, चाळीस किलोमीटर.
ड्रायव्हर म्हणाला, लोक जीव मुठीत धरून पीठ आणतात,
मेणबत्त्या आणतात,
तुम्ही हे काय मागवलंत?
नळी कशी धरली होती, ते तिनं हातांनी दाखवलं.

मी झाकणाचा स्क्रू शोधू लागलो.
तो माझ्याच खिशात होता.

दोन्ही चालले. एक गुरगुरत, एक गप्प.
सकाळी सहाला मी पायऱ्यांवर मीठ टाकायचो,
ती काचेच्या नळीत थेंब मोजायची,
पिवळा रंग म्हणजे निभावलं.
चौथ्या आठवड्यात किंचित हिरवट झाला.
मी म्हणालो, पाणी बदलू, सगळं काढू, परत लावू.
ती म्हणाली, थोडं बदलू. मग थांबू.
ती झोपली असेल त्या रात्री. मी नाही.

शेवटच्या दिवशी प्लग मलाच काढू दिला.
बोळ एवढा शांत झाला
की भोजनगृहातला फ्रिज ऐकू आला.
एक कोरीडोरास तळाची वाळू हुंगत पुढे गेला,
त्याला काही कळलं नव्हतं.

निघताना तिनं मुरंब्याची बरणी पुढे केली,
आत उरलेला जुना स्पंज, टाकीच्या पाण्यात.
"माझ्याकडे घरी टाकी नाही," मी म्हणालो.
"घ्या," म्हणाली. "कुणाला तरी लागतो."

ट्राममध्ये मांडीवर धरून बसलो,
झाकण सैल ठेवून.