रात्री किती वेळा

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात
गभणे मॅडमनी विचारलं, रात्री किती वेळा?
दोनदा, मी म्हटलं.
ही पिशवीतल्या पालकाकडं बघत बोलली,
पाच. मी मोजते न.

एकतीस वर्षं महापालिकेत वॉल्व्हमन होतो.
पहाटे साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर,
आधी हनुमाननगर, मग रेशीमबाग.
कुठल्या गल्लीत धार बारीक, कुठं थेंबावर आली,
नुसत्या आवाजावरून सांगायचो.
आता न्हाणीत भिंतीला हात टेकून उभा,
कान तसाच लावलेला.

मॅडमनी कागदावरचे चौकोन भरले.
बोटानं तपासलं, तेव्हा मी
भिंतीवरच्या पोलिओच्या बाळाकडं बघत राहिलो.
प्रोस्टेट वाढलंय, म्हणाल्या, वयानं.
ही गोळी वाट सैल करते, आठवड्याभरात कळेल.
दुसरी त्याला आकसवते,
तिला सहा महिने द्या, घाई नाही.
सर्दीची गोळी मनानं घ्यायची नाही.
आणि काका, उठताना आधी बसा,
एकदम उभं राहिलं की गरगरतं.

तर आता खाटेच्या काठावर बसतो,
पाय फरशीवर. कूलर घरघरत असतो,
त्याची टाकी संध्याकाळी मीच भरलेली.
अंधारातून ही विचारते,
बसले का?
बसलो.
मग उठा.

काल दोनदाच उठलो. खरोखर दोनदा.
सकाळी चहा गाळताना हिला सांगितलं
तर म्हणते,
मले का माईत, झोपली होती मी.