भिकन

भुसावळला पार्सल ऑफिसच्या मागे
कडुनिंबाखाली आमची शाळा भरते,
बारा ते दोन.
त्या वेळात झाडायला, मागायला गाड्या कमी.
वेळ मुलांनीच ठरवलेली, मी नाही.

सतरा मुलं. उन्हाळ्यात एकवीस.
बसायला केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे,
आणि माझ्या पिशवीत पावतीपुस्तक,
ज्याच्या कार्बननं करंगळी कायम निळी.

परवा जळगावला गेले.
डाळ मिलचे हेमराजशेठ, भुवयांवर तुरीची धूळ.
माणूस वाईट नाही;
दर महिन्याला दहा किलो डाळ न सांगता पाठवतो.
म्हणाले, यंदा एका पोराचा सगळा खर्च माझा,
वसतिगृह, गणवेश, दहावीपर्यंत.
यादीवर बोट फिरलं. थांबलं.
‘भिकन?
हे बदला, मॅडम. अहवालात बरं दिसत नाही.
भीक सुटावी म्हणूनच तर आपण…’
आणि स्वतःच्या पेनानं बाजूला लिहिलं: भावेश.

परतताना नशिराबादपर्यंत
मी ते नाव त्याला मनातल्या मनात घालून पाहिलं,
शर्टासारखं.
बाह्या लांब होत होत्या.

दुसऱ्या दिवशी विचारलं.
पाटीवरून मान वर न करता म्हणाला,
‘मन्हा आधी तीन गयात.
मंग मायनी पाच घर मांगात, तवय मी वाचनू.
ऱ्हाऊ द्या.’

माय कुठे आहे, कुणाला माहीत नाही.
खंडव्याच्या गाडीत चढली, एवढंच.
तिचं त्याच्याजवळ उरलंय ते हेच, तीन अक्षरं,
त्यातलंही पहिलं चुकतं.
शिरोरेघ सलग ओढतो, मिकन होतं.
मी हात धरून सांगते,
डोक्यावर जरा उघडं सोडायचं, बाळा.
सांगून झाल्यावर ऐकू येतं मला, मी काय बोलले ते.
हा रात्री पुलाच्या पायऱ्यांवर झोपतो,
पत्रा संपतो तिथे.

संध्याकाळी शेठना फोन लावला.
समोर कालच्या पावतीची निळी नक्कल,
माझ्याच अक्षरात:
मे. भिकमचंद किसनदास डाळ मिल.
वाचून दाखवली, बाकी काही बोलले नाही.
बराच वेळ नुसती गिरणी ऐकू येत राहिली.
मग म्हणाले,
‘आजोबांच्या आधीपण दोन गेले होते म्हणे.’
आणि, ‘असू द्या.’

वसतिगृहाच्या फॉर्मवर त्यानं नाव स्वतः लिहिलं.
या खेपेला फट
जरा जास्तच मोठी झाली.
मी खोडरबर दिला नाही.