खडूची पावलं

चौरंगावर उभं राहायचं वीस मिनिटं,
मग पाच मिनिटं चहा.
माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ मारलेली.
परत आलो की त्याच रेघेत पाय घालायचे,
कीर्तन सुटल्यावर माणूस आपल्या चपला शोधतो तसे.

अंगावर लंगोट. डिसेंबर.
बडोद्याची थंडी थोडीच, पण उघड्या अंगाला पुरते.
कोपऱ्यातला हीटर फक्त डाव्या पोटरीला ओळखतो.
"हालता नहीं, काका," झंखना म्हणते
आणि हात लांब करून, एक डोळा मिटून
पेन्सिलीवर अंगठ्यानं माझं डोकं मोजते.

भिंतीपलीकडे टिपणीस बाईंचा वर्ग.
भिंत कसली, प्लायवूड.
"सुंदर वस्तूकडून आपल्याला काही नको असतं.
आंबा खावासा वाटला, की ती भूक.
नुसतं बघत राहिलात,
तर तिथं काहीतरी वेगळं सुरू होतं."
कुणीतरी विचारतं, हापूस की केसर?
हशा. माझं पोट हलतं.
"काका!"

बत्तीस वर्षं काचेच्या कारखान्यात तपासनीस होतो.
औषधाच्या बाटल्या.
समोर ट्यूबलाइट, पट्ट्यावरून बाटली यायची,
मान धरून फिरवायची.
चोख असेल तर या टोपलीत.
बुडबुडा, चीर, वाकडी मान, त्या टोपलीत,
आणि ती टोपली परत भट्टीकडे.
सुंदर हा शब्द तिथं कुणी काढला नाही.
पास म्हणायचो. पास, पास, पास.
झोपेतही म्हणायचो, द्वारका सांगायची.

एकदा एक आली.
तळाशी बुडबुडा, मुगाएवढा,
त्याला मागं बारीक शेपूट,
वर यायला निघाला होता
आणि मध्येच काच थंड झाली.
मी ती फिरवली. पुन्हा फिरवली.
तेवढ्यात नऊ बाटल्या न बघता पुढे गेल्या.
कुणाच्या खोकल्याला लागल्या असतील, देव जाणे.
ती डब्यात घालून घरी आणली.
भंगाराची असली तरी चोरीच.

म्हणजे मला ती हवी होती, बाई.
मग ही भूक झाली का?
द्वारकेनं दुसऱ्याच दिवशी तिच्यात एरंडेल भरलं.
मी भांडलो. ती म्हणाली, "बाटलीच आहे ना?"
आणि पिवळ्या तेलावर बुडबुडा
आधीपेक्षा उठून दिसायला लागला.
हे मी तिला कधी बोललो नाही.
आता तेल काळसर झालंय, बूच निघत नाही,
ती जाऊन चौथं वर्ष.
बाटली फळीवर आहे.
उपयोगात धरायची, की कशात?
विचारलं असतं. पण हलायचं नाही,
आणि लंगोटावर पलीकडे जाणार कसा.

चहा. शाल गुंडाळून फेरी मारतो.
एकोणीस बोर्ड.
एकावर मी ऋषी, एकावर मल्ल,
एकावर त्या मुलाचेच आजोबा असावेत.
झंखनाच्या कागदावर खांदा नाही.
तिथं भट्टीनं भाजल्याचा डाग आहे माझ्या,
तो तिनं काढला, खोडला, काढला, खोडला,
कागद झिजून पापुद्रा उरलाय.
"अहीं बगडी गयुं, काका."

सवयीनं मी कागद उचलला,
ट्यूबलाइटसमोर धरला.
बाकी सगळा मी काळा, रेघारेघांचा.
खांद्यातून उजेड आला.
हात थोडा उजवीकडे गेला, थोडा डावीकडे.
दोन्ही बाजूंना टोपली नव्हती.
"फाडी नाखुं?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना,
तोवर घंटा झाली.

शाल खुंटीला. चौरंग गार.
उजवं पाऊल रेघेत नीट बसलं.
डावं बसत नाही,
अंगठा बाहेर राहतोय.
मघाशी कसा उभा होतो मी?