पाव फेरा

मे महिन्यात पाणी खाली गेलं
तशी लाँच बामणोलीच्या घाटाखाली
चिखलावर बसली, एका कुशीला कलून,
दोन्ही अंगांना ऐनाचे टेकू.

इंजिनासाठी पाणी ओढतो तो वाल
बुडाच्या फळीत, सीटखाली, अंधारात.
दोन पावसाळे पाझरत होता.
आम्ही खाली डालड्याचा डबा ठेवला होता,
आणि डबा भरला की कुणी रिकामा करायचा
यावरून मी आणि कोंडिबा भांडत होतो.
वालावरून कधी भांडलो नाही.

मेढ्याहून बाबाजान मुलाणी आला,
सोबत त्याची भाची तरन्नुम, आयटीआय झालेली.
तीच आत शिरली, कारण तिचाच खांदा तिथं मावत होता.
स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं पितळ खरवडलं.
"मामू, गुलाबी पडलंय."
जस्त निघून गेलं की पितळ असं होतं म्हणे.
आकार तोच राहतो, बोटानं चुरा होतो.

"शेवटचा बंद कधी केलेला?"
मी कोंडिबाकडं पाहिलं. कोंडिबानं टेकूकडं.
तो बंदही करायचा असतो
हे एकोणीस वर्षांत आम्हाला माहीतच नव्हतं.
उघडा होता, चालत होतं.
वऱ्हाडं नेली, गाभण म्हैस नेली,
मतदानाच्या पेट्या नेल्या, पोलिसासकट,
या एवढ्याशा चुऱ्यावर.

रात्रभर त्याला डिझेल पाजलं.
सकाळी दोन पाने, उलटसुलट पीळ.
आट्यांवरून सुटलाच नाही, मोडला.
अर्धा तिच्या मुठीत, अर्धा फळीत.
ती हसली. "मोडायचाच होता.
हितं मोडला, मधे न्हाई."

उरलेला छिन्नीनं निघाला
आणि बांगडीएवढ्या भोकातून
लाँचच्या पोटात उजेड आला.
खालून.
आळीपाळीनं डोळा लावला आम्ही.
भेगाळलेला चिखल, एक शिंपला, बांधाचा दगड.
कोंडिबा बराच वेळ उठला नाही.
मग म्हणाला, "ह्ये आमचं खाचर.
आबा पाण्याकडं बोट करून दाखवायचं, त्ये ह्येच."
"कशावरनं?"
"दगडावरनं."
दगड तर सगळीकडं तसलेच होते.
मी काही बोललो नाही.

नवा वाल गनमेटलचा, चार हजार सहाशे.
आट्यांना ताग, सफेदा.
शेजारी तरन्नुमनं सुतळीनं खुंटी बांधली,
भोकाच्या मापाची, टोकाला निमुळती.
"ह्यो गेला तर ही ठोका.
आणि रोज रात्री बंद करत जावा. पाव फेरा.
दांडा आडवा झाला की झालं."

पाणी चढलं तशी लाँच
कुणी न ढकलता टेकूंवरून उठली.
वालाखाली पेपर पसरून निजलो.
सकाळी कोरडा.
एका कोपऱ्यात तेवढी विडीची राख.
डालड्याच्या डब्यात आता कोंडिबाची मिरची आहे.

रात्री मी दांडा आडवा करतो.
"झाला का रं?"
"झाला."
तरी कोंडिबा सीटखाली वाकतो,
चाचपून बघतो,
आणि दांडा बघायला लागतो त्याहून
जरा जास्तच वेळ
हात तिथं ठेवतो.